डिकीतला साक्षीदार

माझी उंची चार फूट दहा इंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या शिक्षणामुळे नाही झालं, कामामुळेही नाही. या उंचीमुळे झालं.

मूळचा मी सांगलीकडचा. केमिस्ट्री घेऊन पदवी केली आणि तारापूर एमआयडीसीत, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. राहायला बोईसरला. कारखाना दोघांचा होता. एकाला आम्ही शेठ म्हणायचो. दुसरे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेठ त्यांना दाजी म्हणायचे, म्हणून आम्हीही दाजीच म्हणायचो. धंद्यावरून दोघांत कधी शब्द झाल्याचं मी ऐकलं नाही. भांडण असायचं ते गाड्यांवरून.

शेठची गाडी परदेशी. सुटे भाग आणून इथे जोडलेली नव्हे, आख्खीच्या आख्खी जहाजातून उतरलेली, काळी आणि लांब. दाजींची पांढरी, याच देशात बनलेली. दोन्ही गाड्या ऑफिससमोर शेजारी शेजारी उभ्या असायच्या आणि दुपारच्या चहाला दोघे मालक बाहेर येऊन त्यांच्यापाशी थांबायचे. शेठ आपल्या गाडीचं दार लावून दाखवत. ते मऊ आवाज करून बसायचं. मग दाजींच्या गाडीचं दार आपटत. ते वाजायचं. दाजी म्हणायचे, दार वाजवायला गाडी घेतात होय?

दाजींच्या गाडीच्या तक्रारी पुष्कळ होत्या. खिडकीची काच एकदा खाली गेली ती वर आलीच नाही. दाराचा हँडल त्यांच्या मुलीच्या हातात आला. पण बोईसरचा कुठलाही गॅरेजवाला ती संध्याकाळपर्यंत नीट करून द्यायचा. शेठची गाडी दोन-अडीच वर्षं एक शब्द न बोलता चालली आणि मग एका पावसात मनोरच्या पुलाखाली बंद पडली. कसलासा सेन्सर गेला होता. तो परदेशातून यायचा होता. गाडी मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन ठेवली आणि तिथे ती पावसाळाभर पडून राहिली. तेवढे दिवस दाजी शेठना आपल्या गाडीतून घरी सोडत. रस्त्यातला एकही खड्डा दाजी चुकवत नाहीत, असं शेठचा ड्रायव्हर आम्हाला सांगायचा.

आम्हा नोकरमाणसांना या भांडणात मत विचारलं जायचं आणि मत देणं धोक्याचं होतं. आमच्या स्टोअरकीपरने एकदा शेठसमोर देशी गाडी परवडते असं म्हटलं, तर त्याची बदली गोदामात झाली, जिथे पंखासुद्धा नव्हता. शेठ रागावले नव्हते. हसत हसत म्हणाले होते, देशी माणसाला पंखा कशाला लागतो. त्यानंतर जो विचारील त्याचीच गाडी चांगली, असं आमचं ठरून गेलं.

मला विचारलं ते रंगावरून. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर दोन्ही गाड्यांच्या टपावर बारीक डाग उठले. पांढरीवर पिवळे, काळीवर राखाडी, बोट फिरवलं तर खरखरीत लागणारे. दाजी म्हणाले, एवढ्या मोठ्या परदेशी गाडीचा रंगही टिकला नाही. शेठ म्हणाले, माझे डाग पॉलिशने जातील, तुमच्या गाडीला फोड आलेत. मग मला लॅबमधून बोलावलं. केमिस्ट आहात, सांगा, रंग कोणाचा चांगला?

मी दोन्ही टप हाताने पाहिले. परदेशी गाडीचा रंग जाड होता, वरचा थर शाबूत होता. तसं सांगून मी थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, "गाडी कुठलीही असो, आपल्याच चिमणीखाली उभी राहते. दुसरीकडे लावली तर दोन्ही टिकतील."

सगळे हसले. शेठही हसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मला वाटलं, विषय संपला.

आठवड्याभरात दाजींच्या डिकीत पाणी निघालं. गाडी धुतली होती आणि डिकीत त्यांच्या नातेवाइकांकडे द्यायची साड्यांची पिशवी होती, ती भिजली. शेठना तेवढं पुरलं. दाजी म्हणाले, तुमच्याही डिकीत येत असेल, तुम्ही कधी उघडून बघता? डिकीतली गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं तर एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवतात आणि बाहेरून पाण्याचा फवारा मारतात, असं कुठल्याशा गॅरेजवाल्याने दाजींना सांगितलं होतं. ते त्यांनी तिथे बोलून दाखवलं. शेठनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"आपले लॅबवाले आहेत की," ते म्हणाले. "मापातही बसतात आणि निरीक्षणाची सवय आहे."

मी गेलो. का गेलो हे मला बायकोने पुढे पुष्कळदा विचारलं. मालक सांगत होते हे एक. पण तिथे ऑफिसातली, प्लांटमधली, गेटवरची माणसं जमली होती आणि नाही म्हणून उभं राहिलो असतो तर आत शिरण्यापेक्षा जास्त हसं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. माणूस किती पटकन हिशोब करतो आणि किती चुकीचा करतो.

आधी दाजींची गाडी. मी ॲप्रन घालूनच आत आडवा झालो, गुडघे छातीशी. दाजी दर रविवारी सातपाटीहून पापलेट आणत, त्याचा वास गालिच्यात मुरला होता. झाकण बंद झालं तरी पूर्ण अंधार झाला नाही. मागच्या दिव्याच्या कडेने उजेडाची एक रेघ येत होती. बाहेरचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं. फायर लाइनचा पाइप सुरू झाला आणि त्याच फटीतून पाणी माझ्या मानेवर पडायला लागलं. मी ओरडून सांगितलं, उजव्या दिव्यापाशी गळतंय. बाहेर टाळ्या पडल्या. झाकण उघडलं तेव्हा दाजींचं तोंड उतरलं होतं आणि मी कंबरेपर्यंत भिजलो होतो.

मग शेठची. ती डिकी मोठी, स्वच्छ. खाली जाड गालिचा, नव्या चपलांसारखा वास. मी आत शिरल्यावर शेठ स्वतः वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्हाला आमच्या चिमणीची हवा सोसत नाही ना? ही गाडी एकदम सीलबंद आहे."

त्यांनी बटण दाबलं. त्या झाकणाला मोटर होती, ते आपोआप, सावकाश खाली आलं. लोकांचे पाय दिसत होते, मग बूट, मग फक्त जमीन, मग काहीच नाही.

तसा अंधार मी आधी पाहिला नव्हता. टॉर्च लावला. पाण्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा येत होता आणि माणसांचा तर अजिबात नाही. मी रबराच्या पट्टीवरून बोट फिरवत गेलो. सगळीकडे कोरडं. काम म्हणून बघितलं तर मी मनापासून केलं, हे आज सांगायलाही लाज वाटते. मग पाणी थांबलं. मी झाकणावर थाप मारली. कोणी उघडलं नाही. पुन्हा मारली. ओरडलो. मग माझ्या पाठीखाली काहीतरी हललं आणि मला कळलं की गाडी सुरू झालीय.

बाहेर काय झालं ते मला नंतर ऑफिसच्या शिपायाने सांगितलं. शेठनी ड्रायव्हरला बोलावून सांगितलं होतं, एक चक्कर मारून ये, खराब रस्त्याने जा, साहेबांना ऐकू दे परदेशी गाडी आतून वाजते की नाही. आणि सगळ्यांना घेऊन ते चहाला गेले. दाजीही गेले. शिपाई म्हणाला, चहा पिताना सगळे घड्याळाकडे बघून हसत होते, पण कोणी मोठ्याने हसलं नाही.

गाडी गेटच्या गतिरोधकावरून गेली ते मला कळलं, वळली ते कळलं, त्यानंतर काहीच कळेना. ती खरंच वाजत नव्हती. बोईसरच्या रस्त्यावर रिक्षात बसलं की दात एकमेकांवर आपटतात, त्या रस्त्यावर ती नुसती डोलत होती. ऑक्टोबरचं ऊन काळ्या पत्र्यावर पडत होतं. ओले कपडे आधी गार लागत होते, ते कोमट झाले, मग अंगाला चिकटून गरम झाले. मी पुढच्या सीटच्या दिशेने लाथा मारल्या. ड्रायव्हरच्या नावाने ओरडलो. तोंड उघडं ठेवूनही श्वास पुरेना. टॉर्च हातातून सुटून कुठेतरी गेला आणि विझला. आपल्याला उलटी होणार आणि ती या गालिच्यावर होणार, याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. गुदमरण्याची भीती त्यानंतर आली.

तेव्हा मला तो हँडल दिसला. झाकणाच्या आतल्या बाजूला, फिकट हिरवा, अंधारात आपोआप चमकणारा. त्यावर एक चित्र होतं, उघडी डिकी आणि तीतून उडी मारून बाहेर पडणारा माणूस. मी त्याच्याकडे बघत राहिलो. कुठल्यातरी परक्या देशात, टेबलापाशी बसलेल्या कोणा माणसाच्या मनात आलं होतं की उद्या कोणीतरी इथे आत अडकेल. त्या माणसाने मला पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी रोज पाहिलं होतं ते चहा पीत होते. मला रडू आलं ते तेव्हा, त्याआधी नाही.

गाडी चालत असताना हँडल ओढायची हिंमत झाली नाही. ती थांबल्यासारखी वाटली तेव्हा ओढला.

झाकण परत सावकाश वर गेलं, मोटरचा आवाज करत. गाडी नवापूर नाक्यावर गर्दीत अडकली होती. समोर शेअर रिक्षांची रांग, शहाळीवाला, भाजीच्या गाड्या, कारखान्यांतून सुटलेली माणसं. सगळ्यांनी एकदमच पाहिलं. एक बुटका माणूस, पांढरा ॲप्रन, अंगभर ओला, परदेशी गाडीच्या डिकीतून उठून बसलाय. एकाने पळत येऊन माझी कॉलर धरली. "चोर है क्या?" दुसरा म्हणाला, किडनॅप असेल. मला बोलता येत नव्हतं, मी नुसता श्वास घेत होतो. ड्रायव्हर पुढून धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "आमचे साहेब हायत. डिकी गळती का ते बगायला बसवलेलं."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं. आणि सगळा नाका हसला. ज्याने कॉलर धरली होती त्याने ती नीट करून दिली आणि तोही हसला. मोबाइल बाहेर निघाले. एका पोराचं चित्रण करायचं राहून गेलं होतं. तो मला म्हणाला, अंकल, एकदा परत आत झोपा ना.

परतताना मी पुढे बसलो. बसण्याआधी ड्रायव्हरने सीटवर टॉवेल अंथरला, कातडं भिजू नये म्हणून. त्याने नाका ओलांडला. मग म्हणाला, "आवाज नाय केला तुमी?"

"केला. लाथा मारल्या."

"मला नाय ऐकायला आलं. ही गाडीच तशी हाय. आतलं बाहेर येत नाय." थोड्या वेळाने म्हणाला, "दाजींची असती तं ऐकलं असतं मी."

कारखान्यात पोचलो तेव्हा शेठनी आधी डिकीतला गालिचा हाताने चाचपला. मग विचारलं, पाणी? मी म्हणालो, एक थेंब नाही. ते दाजींकडे वळले. तेवढ्यात कोणाच्या तरी फोनवर नाक्याचा व्हिडिओ आलासुद्धा. झाकण आतून उघडलं हे शेठना त्यातून कळलं. असा हँडल आपल्या गाडीत आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. ते इतके खूश झाले की सगळ्यांना एकेक करून वाकून तो बघायला लावला. म्हणाले, याला म्हणतात क्वालिटी, देशी गाडीत असता तर मेला असता. दाजी म्हणाले, माझ्या गाडीत हवा येत होती, हँडलची गरजच नव्हती. त्यावर त्यांचं जुंपलं. मला सांगण्यात आलं की एक सॅम्पल तपासायचं थांबलंय, लॅबमध्ये जा.

घरी बायकोने व्हिडिओ पाहिला होता. ती हसली नाही, रडलीही नाही. जेवण वाढून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही हाका मारल्यात का?"

"मारल्या."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. त्या दिवशी त्यावर आम्ही एवढंच बोललो.

त्यानंतर माझं नाव गेलं. कारखान्यात मी डिकी झालो. "डिकीला रिपोर्ट दे," "डिकीसाहेब जेवले का?" आधी पाठीमागे, मग तोंडावर. नाक्यावरचे रिक्षावाले मला बघून मागचा पडदा उचलायचे आणि इथे बसता का म्हणून विचारायचे. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, मला डिकीची मुलगी म्हणतात, म्हणजे काय? त्या वर्षाच्या शेवटी आम्ही बोईसर सोडून पालघरला राहायला गेलो आणि तिची शाळा बदलली. नोकरी मात्र मी बदलली नाही. एमआयडीसीत सगळ्यांना सगळे ओळखतात, दुसरीकडे गेलो तरी व्हिडिओ आधी पोचणार, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

ड्रायव्हरला शेठनी काढून टाकलं. गाडीचा नंबर व्हिडिओत दिसत होता आणि ती भर बाजारात थांबवली हा त्याचा गुन्हा. मला वाईट वाटलं म्हणून एका रविवारी मी दातिवऱ्याला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. परत बोटीवर जाणार होता, आणि त्याला ते नको होतं, म्हणूनच तो मुळात ड्रायव्हर झाला होता. त्याने मला चहा दिला. मी पिईपर्यंत तो जाळ्याच्या गाठी मारत राहिला. निघताना म्हणाला, "दोन मिनटं पडून राहिला असता तं माझी नोकरी नसती गेली."

त्याच्या मनात माझ्याबद्दल कणव असेल, असं धरून मी गेलो होतो.

शेठकडे पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. आधी ते गाडी दाखवत, मग हँडल, मग मला. मी सांगायचो, हो, एक थेंब आला नाही. हो, आतून उघडली. दाजी असले तर त्यांच्या बाजूने विचारायचे, माझ्या गाडीत गुदमरलं नाही ना? मी सांगायचो, नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. मी कंटाळत नव्हतो, चिडत नव्हतो. असं वर्षानुवर्षं करता येतं.

शेठच्या मुलीचं लग्न केळव्याला समुद्राकाठच्या रिसॉर्टवर झालं. स्टाफला बोलावणं होतं. जेवणं चालू असताना शेठनी मला मुलाकडच्या मंडळींच्या टेबलापाशी नेलं आणि म्हणाले, सांगा यांना. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी नेहमीचं सांगितलं नाही. सगळं सांगितलं. चिमणीबद्दल मी काय बोललो होतो ते, झाकण लावताना शेठ काय म्हणाले ते, मारलेल्या लाथा, उलटीची भीती, चहा. उभ्या उभ्या, आवाज न चढवता सांगितलं. मला वाटलं, आता तरी कोणाचा तरी घास अडेल.

मुलाचे वडील डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेजारच्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. शेठ म्हणाले, एवढं छान याने कधीच सांगितलं नव्हतं. मग मुलाच्या वडलांनी विचारलं की हे गाडीचं मॉडेल अजून मिळतं का, की बंद झालं?

दुसऱ्या आठवड्यात मी राजीनामा दिला. शेठनी तो मोबाइलवरची नजर न काढता घेतला. कारण विचारलं नाही. मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "तुमच्या मापाचा दुसरा कोणी असेल तर सांगा."

जिन्यात दाजी भेटले. त्यांना कळलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, आता तुम्ही जाताय, आता कोणाची भीती नाही. खरं सांगा, गाडी कोणाची चांगली?

मी म्हणालो, "तुमच्या गाडीत असताना माझा आवाज तुम्हाला ऐकू येत होता. त्यांच्या गाडीत येत नव्हता. पण मी आत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, दाजी. चहा पिताना तुम्हाला ठाऊक होतं."

ते थोडा वेळ विचार करत राहिले. खरोखर विचार करत होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता.

"म्हणजे कुठली?" त्यांनी विचारलं.

मी हात सोडवून घेतला आणि खाली उतरलो.